'नाल पडली तर पैसे परत': घोडेवाल्यांनो, या बोलीला फसू नका

काळ्या रानात चरायला सोडलेल्या घोड्याच्या पुढच्या पायाची नाल पंधरा दिवसांत दोनदा चिखलात जाते. मालक वैतागलेला असतो आणि नेमका तेव्हाच कुणीतरी नवा नालबंद सुचवतो. तो येतो, पाय न उचलताच मान हलवतो आणि म्हणतो, "मी मारलेली नाल तीन महिन्यांत पडली तर पैसे परत." मजुरी दुप्पट आणि तीही आगाऊ. नाल खरंच टिकते. मालक खूश होऊन आणखी चार जणांना त्याचा नंबर देतो. दहाव्या-अकराव्या आठवड्यात घोडा पुढून आखडून चालायला लागतो, खडीवर पाय टाकायला कचरतो. फोन केला की उत्तर ठरलेलं असतं: "नाल जागेवर आहे ना? मग माझं काम चोख आहे. डॉक्टरला दाखवा."

त्याने शब्द पाळलेला असतो, म्हणून भांडायलाही जागा उरत नाही. ही फसवणूक ओळखायची तर आधी नाल का पडते ते नीट कळायला हवं.

चिखल नाल ओढून काढतो असं सगळेच म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. नीट बसवलेली नाल नुसता चिखल सहसा काढू शकत नाही. चिकट मातीत पुढचा पाय सुटायला क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्यात मागच्या पायाचं टोक पुढच्या नालेच्या मागच्या टोकावर पडतं. आता घोडा स्वतःच्याच नालेवर उभा असतो आणि पुढचा पाय उचलू पाहत असतो. नाल निघते ती अशी. खुराचं पुढचं टोक लांब वाढलेलं असेल तर पाय सुटायला आणखी वेळ लागतो. म्हणून नालबंदी लांबली की नाल पडण्याचं प्रमाण वाढतं.

दुसरं कारण खिळ्यांची पकड. खूर दिवसातून चार वेळा भिजतं आणि वाळतं तेव्हा शिंग, म्हणजे खुराचं कठीण कवच, फुगतं, आकसतं आणि खिळ्याची भोकं सैल होतात. त्यात गोमाशा आल्या की घोडा दिवसभर कडक जमिनीवर पाय आपटतो, आणि बाहेर वळवलेली खिळ्यांची टोकं, म्हणजे मुरड, हळूहळू उघडते.

आता 'गॅरंटी'वाला काय करतो ते पाहा. नालेची मागची टोकं तो टाचेच्या बरीच आत ठेवतो, कधी छिन्नीने सरळ तोडूनच टाकतो. बाजूंनाही नाल खुराच्या कडेला अगदी घट्ट बसवतो. मागच्या पायाला पकडायला काही उरतच नाही, मग नाल पडणार कशी? पण नालेचं मागचं टोक टाचेला आधार देण्यासाठी असतं. खुराच्या सगळ्यात रुंद भागापासून मागे, दोन्ही बाजूंना नाल नाण्याच्या जाडीइतकी बाहेर दिसली पाहिजे, कारण वजन पडलं की टाच पसरते. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतं आणि वाढताना नालेला सोबत घेऊन पुढे सरकतं. आखूड नाल पाच आठवड्यांत टाच सोडून पुढे जाते आणि तिचं टोक तळव्याच्या कोपऱ्यात रुततं. तिथे आत रक्त साकळतं. दहाव्या आठवड्यातला लंगडेपणा तो हाच.

त्याची दुसरी युक्ती खिळ्यांची. साधारण सहा ते सात खिळे पुरतात: तीन-तीन, किंवा बाहेरून चार आणि आतून तीन. तो प्रत्येक भोकात खिळा ठोकतो, जाड खिळे वापरतो आणि उंच काढतो. खिळ्याचं टोक नालेपासून साधारण दोन सेंटिमीटर वर, सगळी टोकं जवळपास एका रेषेत निघावीत. उंच गेलेला खिळा आतल्या जिवंत भागाला दाबतो आणि घोडा एक-दोन दिवसांत लंगडू लागतो. थेट टोचला तर तिथल्या तिथेच पाय उचलून धरतो. रुंद भागाच्या मागे मारलेला खिळा टाचेची हालचालच बंद करतो. आणि भोकं जास्त झाली की खुराची कड टपालाच्या तिकिटांच्या पट्टीसारखी होते. पुढच्या वेळी नाल पडते तेव्हा कडेचा तुकडा घेऊनच पडते, आणि तोवर हा माणूस दुसऱ्या तालुक्यात असतो.

तिसरी युक्ती फोटोत छान दिसते. नाल लहान असेल तर ती तापवून खुराच्या मापाची करायची असते. हा मात्र खूरच नालेच्या मापाचं करतो. पुढून कानस फिरवून कवच सोलून टाकतो आणि वर काळं पॉलिश मारतो. कवच पातळ झालं की खिळ्याला धरायला काही राहत नाही. काम झाल्यावर ओल्या फडक्याने खूर पुसायला सांगा. पॉलिश निघालं आणि मुरडीच्या वरपर्यंत कानशीचे ताजे पांढरट ओरखडे दिसले, तर समजा. काहीजण जुनी भोकं आणि चिरा गाडीच्या पत्र्याला लावतात त्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवतात. चिरा भरण्याची खरी पद्धत आहे, पण तीत आधी मेलेलं, कुजलेलं शिंग खरवडून काढावं लागतं. नुसतं वरून लिंपलं तर घाण आत कोंडते. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा अकलूजच्या बाजारात घोडा घेताना चारही पायांना नाल कोरी करकरीत आणि खूर आरशासारखं काळं दिसलं, तर तिथे आधी नखाने खरवडून बघा, मग दात मोजा.

बैलांना पत्री मारणारे काहीजण घोड्यालाही हात घालतात. बैलाच्या खुराच्या दोन फाकांना दोन वेगळ्या पातळ पत्र्या लागतात. घोड्याचं खूर अखंड असतं आणि वजन पडताना पसरतं. हिशेबच वेगळा. माणूस प्रामाणिक असला तरी हे काम त्याच्याकडून करून घेऊ नका.

नालेसोबत पावडरही विकली जाते: 'आठ दिवसांत खूर लोखंडासारखं'. बायोटिन हे जीवनसत्त्व खुराला उपयोगी पडतं, हे खरं. पण मोठ्या घोड्याला रोज 15 ते 20 मिलिग्रॅम लागतं आणि फरक दिसायला सहा ते नऊ महिने जातात, कारण ते फक्त वरून नव्याने येणारं शिंग सुधारतं. खिळे जिथे बसतात तिथपर्यंत ते शिंग यायलाच तेवढा वेळ लागतो. डब्यावर एका मात्रेत किती मिलिग्रॅम हे छापलेलं नसेल तर डबा परत करा. गाडीचं जळकं ऑइल फासल्याने खूर फक्त काळं होतं.

पैसे देण्याआधी पाय स्वतः उचला. नाल आणि खूर यांच्यात उजेड दिसता कामा नये. खिळ्याचं डोकं नालेच्या भोकात पूर्ण बसलेलं हवं. जुनी नाल घासून परत मारली असेल तर भोकं झिजलेली असतात, डोकं डुगडुगतं आणि काही दिवसांत तुटतं. नवी नाल ठरली असेल तर ती ठोकण्याआधीच हातात घेऊन पाहा.

आणि पडलेली नाल फेकू नका. रानात हिंडून ती शोधाच, कारण खिळे वर करून पडलेली नाल घोड्याच्या तळव्यात घुसू शकते. शिवाय पुरावा तोच आहे. मागचं टोक वाकलेलं आणि त्यावर ओरखडा असेल तर मागचा पाय पडला. खिळे सरळ होऊन सबंध निघाले असतील तर मुरड कच्ची होती, किंवा नालबंदीला सहा आठवडे कधीच उलटून गेले होते. डोकी तुटली असतील तर खिळा आणि भोक यांचं माप जुळलेलं नव्हतं. खुराची कड सोबत आली असेल तर खिळे फार खाली, फार जास्त किंवा जुन्याच भोकांत मारले होते. सरळ, न वाकलेली नाल दहा दिवसांत पडली तर दोष जवळजवळ नक्कीच कामाचा. ती दाखवून जाब विचारा.

खऱ्या उपायांना फार पैसे लागत नाहीत. नालबंदी चार ते सहा आठवड्यांनी, नाल घट्ट असली तरीही. रानात सोडताना पुढच्या पायांना बेल बूट, म्हणजे खुरावर घालायचं घंटेच्या आकाराचं आवरण: मागून टाच आणि नालेचं टोक झाकेल इतका लांब, वर एक बोट आत जाईल इतका सैल. तो रोज काढून धुवायचा, नाहीतर चिखल अडकून कातडी सोलते. स्वस्तातले आखूड बूट नालेचं टोक उघडंच ठेवतात. ते घेऊ नका. फाटकापाशी आणि पाण्याच्या हौदाभोवती मुरूम टाका, कारण चिखलाचा राडा तिथेच होतो. जाळीच्या कुंपणाशी घोडा पाय खरवडत असेल तर आतून लाकडी आडवं लावा. रोज संध्याकाळी मुरडीवरून बोट फिरवा. टोक बोटाला लागलं तर उघडायला सुरुवात झाली आहे. फरशीवर चालवताना एका पायाचा आवाज वेगळा, खडखडता आला तर त्या दिवशी रानात सोडू नका.

चार महिने घोडा नुसता मऊ रानात चरणार असेल आणि खूर जाड असेल, तर नाल काढून कडा गोल करून सोडणंही चालतं. हे जो नालबंद आपणहून सांगतो, त्याची मजुरी बुडते. त्याचा नंबर जपून ठेवा.

नाल अर्धी लोंबकळत असेल तर ओढू नका. आधी मुरडी सरळ करा, मग टाचेकडून सुरू करून आत-पुढच्या दिशेने थोडी थोडी सैल करा; पिळली तर कड फुटते. मग खुराला कापूस आणि जाड चिकटपट्टी गुंडाळून घोडा बांधून ठेवा. तळव्यात खिळा घुसलेला दिसला तर आणखी आत जाऊ नये म्हणून पाय टेकू देऊ नका, जागा खूण करून ठेवा, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली ते आल्या आल्या त्यांना सांगा.