जुनी वॅगन आर: दोन-अडीच लाखांत घ्यावी, पण कुठली?

चार माणसांची, गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना चढता-उतरता येईल अशी, गावी न्यायला बरी गाडी दोन-अडीच लाखांत हवी असेल, तर 2010 ते 2018 या काळातली पेट्रोल वॅगन आर आजही शहाणपणाचा व्यवहार आहे. मात्र मॉडेल चांगलं म्हणून समोर उभी असलेली गाडी चांगली असेलच असं नाही.

2010 मध्ये या गाडीला 998 सीसीचं तीन सिलिंडरचं के-सीरीज इंजिन आलं. आधीच्या 1061 सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या वॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) होता, याला त्याजागी चेन आहे. त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च वाचतो. ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर दीड लाख किलोमीटरला हे इंजिन कुरकुरत नाही. पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात आणि फिटरला गाडी तोंडपाठ असते. तीन सिलिंडर म्हटल्यावर न्यूट्रलमध्ये थोडी थरथर राहणारच. पण आरसा दिसेनासा होईल इतका हलत असेल, क्लच सोडताना धक्का बसत असेल, तर इंजिन माउंटिंगची रबरं गेली आहेत. त्यावरून भाव पाडून घ्या, व्यवहार मोडू नका.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी चालू करून ठेवू नका असं मालकाला बजावून सांगा. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या, कारण चेनचा खडखडाट थंड इंजिनावरच नीट ऐकू येतो. सेल्फ मारल्यावर एखादा सेकंद आवाज येऊन थांबला तर फार बिघडत नाही. खडखड चालूच राहिली तर चेन आणि टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ढिले झाले आहेत. मग सायलेन्सरकडे बघा. सकाळची थोडी पांढरी वाफ चालते; निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावर रेस करून सोडताना निळा झोत आला तर बहुधा वॉल्व्ह सील, सारखाच येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा. रिंगांचं काम म्हणजे इंजिन खोलणं, आणि या किमतीच्या गाडीत ते परवडत नाही. ऑइलच्या झाकणाला आतून ताकासारखा थर दिसला आणि कूलंटही कमी असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या डोक्याखालच्या सीलचा) संशय घ्या आणि तिथूनच परत फिरा.

पत्र्याला रंग कोणीही मारून देतो, म्हणून रंगापेक्षा बोल्ट बघा. बॉनेटच्या आणि दाराच्या बिजागऱ्यांचे बोल्ट गाडीच्याच रंगाचे असतात, पाना लागला की त्यांच्या कडा सोलतात. फेंडर बदललेला असणं आपल्या रस्त्यांवर साहजिक आहे. दाराचं रबर ओढून पिलर (दारांमधले पत्र्याचे खांब) मात्र तपासा: कंपनीचे स्पॉट वेल्ड गोल आणि साधारण सारख्या अंतरावर असतात. तिथे ओबडधोबड वेल्डिंग दिसलं तर अपघात मोठा होता. समुद्राकाठच्या गाडीत दारांच्या खालच्या कडा आणि बॅटरीखालचा पत्रा नखाने टोकरून बघा.

पुरातली गाडी ओळखणं सर्वांत महत्त्वाचं. कोल्हापूर-सांगलीचा 2019 चा पूर, चिपळूण-महाडचा 2021 चा पूर, यांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. रोजच्या वापरात न येणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेष राहते, ती कोणी धूत नाही. स्टेपनीचा खड्डा, सीटच्या रुळांवरचा गंज, ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलल्यावरची माती, सगळं बघा. स्टीअरिंगची इलेक्ट्रिक मोटर डॅशबोर्डखालीच असते. तिथवर पाणी चढलेलं असेल तर बिघाड आज दिसणार नाही, चार-सहा महिन्यांनी दिसेल. गाडीत परफ्यूमचा घमघमाट असेल तर दोनदा वास घ्या.

डिजिटल मीटर मागे घेता येतो, म्हणून टायर वाचा. बाजूला चार आकडे असतात: 2314 म्हणजे 2014 चा 23 वा आठवडा. 2014 च्या गाडीत मीटर 35,000 दाखवतोय आणि 2021 चे टायर झिजून गुळगुळीत झालेत, तर मीटर खोटा आहे. गाडीच्या नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद मालकालाच काढून आणायला सांगा. टाळाटाळ झाली की समजायचं.

सीएनजीचा मोह सगळ्यांनाच होतो. कंपनी फिटेड असेल आणि टाकीची दर 3 वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) झालेली असेल तर हरकत नाही. टाकीवरच्या प्लेटवरची तारीख स्वतः वाचा. बाहेरून बसवलेल्या किटची नोंद आरसीत (गाडीच्या नोंदणीच्या कागदात) नसेल तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते. दिवसभर भाड्यावर पळालेली गाडी खाजगी करून विकतात, तेव्हा वाहनाचा प्रकार कधी बदललाय का तेही बघा. महिन्याला पाच-सहाशे किलोमीटर चालवणाऱ्याने सीएनजीच्या मागे लागू नये, डिकी जाते ती वेगळीच.

चालवताना रेडिओ बंद, काचा खाली. खड्ड्यात पुढून 'टक' आवाज आला तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश (रबरं) गेले आहेत. तिसऱ्या गिअरला हळू चालत असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा; आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली. दुसरा गिअर करकरतो का बघा. एसी दुपारी उन्हात लावून बघा. एसीची कूलिंग कॉइल गळत असेल तर ती बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

एक उणीव पैशाने भरून निघत नाही. या काळातल्या बहुतेक गाड्यांत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, आणि उंच अंगाची गाडी वेगात वळणावर कलते. गावात फिरायला आणि 70-80 च्या वेगाने हायवेवर ठीक. रोज एक्सप्रेसवे करायचा असेल तर दुसरी गाडी शोधा. जुन्या गाडीत एअरबॅग-एबीएसवाली मिळाली तर दहा-पंधरा हजार जास्त द्यायला हरकत नाही.

खर्चाचा साधारण अंदाज: क्लच सेट मजुरीसह सहा-आठ हजार, पुढचं सस्पेन्शन आठ-बारा हजार, चार टायर तेरा-पंधरा हजार, बॅटरी चार हजारांच्या आसपास. हे सगळं एकाच गाडीत निघालं तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तेवढी रक्कम किमतीतून वजा करूनच बोला. 2010-11 च्या गाडीला 15 वर्षांनंतर फिटनेस, पर्यावरण कर आणि पुनर्नोंदणीची फी लागते, ती मालकाने भरून दिली तरच घ्या. दिल्ली पासिंगची (तिथे नोंदलेली) गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि इथला कर धरला की तो स्वस्तपणा उरत नाही.

कागदांत गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म 35, थकलेले ई-चलन भरल्याची पावती, आणि 1 एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (सरकारी सुरक्षित नंबर प्लेट). आरसी नावावर होईपर्यंत किमतीतले वीस-पंचवीस हजार मालकाला न देता हातात ठेवा. विमा 14 दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे प्रीमियमचा फरक आधीच विचारून ठेवा.