जुन्या लोखंडावरचं वेल्डिंग तपासायचंय? डीपी, मॅग्नेटिक, यूटी की एक्स-रे

आतेभावाने बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) जुनी शेड घेतली, कॉलम-ट्रस कुठल्या जमान्यातले ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही, आणि आता त्याच कॉलमला ब्रॅकेट वेल्ड करून वर माळा टाकायचाय. त्याचा फोन आला, "दादा, सगळ्या जोडांचा एक्स-रे काढून घेतो, मग टेन्शनच नको." म्हटलं थांब जरा, पैसे घालवायचेत तर नीट तरी घालव.

मुळात जुन्या लोखंडात पुष्कळदा जोड चांगला असतो आणि त्याच्या कडेचं लोखंड फाटतं. कार्बन जास्त असेल तर वेल्डच्या बाजूची पट्टी पटकन थंड होऊन कडक होते, त्यात रॉड दमट असला की हायड्रोजन आत शिरतो आणि मग क्रॅक येतो, तोही लगेच नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. म्हणून टेस्टच्या आधी कॉलमचा छोटा तुकडा कापून लॅबला द्यायचा. कार्बन, अधिक मँगनीजचा सहावा भाग, अधिक क्रोम-मोलि-व्हॅनेडियमचा पाचवा आणि निकेल-तांब्याचा पंधरावा भाग, सगळं टक्क्यांत, हे झालं कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे वेल्डच्या बाजूचं लोखंड किती कडक होईल त्याचं माप. ०.४५ च्या वर गेलं तर प्रीहीट, म्हणजे वेल्डच्या आधी लोखंड तापवणं, आणि भट्टीत तापवलेला ७०१८ (कमी हायड्रोजनचा) रॉड, साधा ६०१३ चालणार नाही. आणि गायकवाडी काळातलं रिव्हेटवालं घडीव लोखंड निघालं तर वेल्डिंगचा नादच सोड, त्यात स्लॅगचे, म्हणजे मळीचे थर असतात, ओढ बसली की पापुद्र्यासारखं सुटतं, तिथे बोल्टच मार.

आता टेस्ट. ब्रॅकेटचे जोड म्हणजे फिलेट, दोन प्लेट काटकोनात भिडतात त्या कोपऱ्यात भरलेलं वेल्ड, त्यामुळे खरी निवड डीपी (डाय पेनिट्रंट, रंग मुरवून बघायची टेस्ट) आणि मॅग्नेटिक या दोघांतच आहे.

डीपी सगळ्यात स्वस्त, तीन स्प्रे कॅन, लाल रंग मारा, दहाएक मिनिटं थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा, क्रॅक असेल तिथे लाल रेघ उठते. पण वर तोंड उघडं असलेलाच क्रॅक दिसतो, आणि आपले लोक टेस्टच्या आधी हौसेने ग्राइंडर फिरवतात ना, त्याने ते तोंडच मिटतं, रंग आत जाणार कसा? आणि घाईत केलेली डीपीही फसवते, मी स्वतः एका जिब क्रेनच्या ब्रॅकेटला फसलोय. वेल्ड झालं त्याच संध्याकाळी डीपी केली, एकदम क्लीन, आणि तिसऱ्या दिवशी मॅग्नेटिकवाल्याने जोडाच्या कडेला केसाएवढी रेघ दाखवली. डीपीला काय बोलणार, घाई माझीच होती.

मॅग्नेटिकमध्ये योक, म्हणजे दोन पायांचा चुंबक, लावायचा, लोहकणांची काळी शाई टाकायची, क्रॅकवर लोहकण गोळा होतात. मिटलेलं तोंड आणि कातडीच्या किंचित खालचंही सापडतं, पातळ रंगाच्या थरावरही चालतं. फक्त योक दोन दिशांनी फिरवायला लाव, कारण क्रॅक चुंबकाच्या रेषांना समांतर असेल तर दिसत नाही, आणि घाईतला माणूस एकाच दिशेने फिरवून बिल देतो. जुन्या लोखंडाच्या फिलेटला माझं मत सरळ मॅग्नेटिक.

यूटी, म्हणजे अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींची) टेस्ट, गर्डरच्या बट जोडांना, म्हणजे कडेला कड लावून केलेल्या जोडांना उत्तम, आत नीट न वितळलेली जागा पकडते, सरळ प्रोबने प्लेटमधले थरही कळतात. पातळ प्लेटला आणि फिलेटला मात्र तिचा फार उपयोग नाही, आणि सगळं ऑपरेटरच्या डोळ्यावर, त्यामुळे या टेस्टचं लेव्हल टूचं सर्टिफिकेट बघूनच माणूस बोलव. एक्स-रे म्हणतोस ते साइटवर बहुतेक इरिडियम-१९२ चं गॅमा असतं, एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम, रात्री शेड रिकामी, दोरी बांधायची, एवढं करून फिलेटची फिल्म नीट येत नाही कारण जाडी प्रत्येक ठिकाणी वेगळी, आणि तिरपा क्रॅक निसटतो तो निसटतोच. बट जोडाचा कागदी पुरावा कोणी मागितला तरच काढ.

"मग वजन लटकवून बघू," हा दुसरा आवडता उपाय. मेलबर्नचा किंग्ज ब्रिज १९६१ मध्ये सुरू झाला, वर्षभराहून जास्त ट्रॅफिक झेललं, आणि १९६२ च्या जुलैत, तिकडच्या थंडीत, एका जड ट्रेलरखाली गर्डर तडकले. फिलेटच्या कडेचे क्रॅक आधीपासून होते. वजन पेललं म्हणजे आज पेललं, एवढंच.

त्यापेक्षा तोडून बघ, फुकट आहे. त्याच कॉलमचा कापलेला तुकडा घे, त्याच वेल्डरकडून त्याच रॉडने एका बाजूने टी जोड कर, थंड झाल्यावर वाईसमध्ये धरून वेल्ड नसलेल्या बाजूने हातोडे घाल, म्हणजे जोडाचं मूळ उघडतं. आत भोकं, स्लॅग, न वितळलेली कड, सगळं डोळ्यांनी दिसतं. आणि जोड शाबूत राहून कडेची प्लेटच तडकली तर लॅबचा रिपोर्ट यायच्या आधीच समज की प्रीहीटशिवाय पुढे जायचं नाही.

ब्रॅकेट सोमवारी संध्याकाळी वेल्ड झाले तर मॅग्नेटिकवाल्याला बुधवार संध्याकाळच्या आत बोलवू नकोस, ४८ तास जाऊ दे. तो म्हणेल मंगळवारी मकरपुऱ्यातच आहे, येताजाता करून टाकतो. नाही म्हण.