सोलापूरहून बेगमपेटचा एअर शो: छोटं विमान काढावं की गाडी?

हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर दर दोन वर्षांनी ‘विंग्ज इंडिया’ हा एअर शो भरतो. पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचं लायसन्स, खिशात असलं आणि चार सीटचं सेसना १७२ हाताशी असलं की तेव्हा मनात चुळबुळ सुरू होतेच: सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून उडून जावं, की मुकाट गाडी काढावी? माझं मत आधीच सांगून टाकतो. जायचं कसं, हे परतीवरून ठरवा. सोमवारी सकाळी कामावर हजर राहणं ज्याला भागच आहे, त्याने विमानाच्या नादी लागू नये.

आधी वेळेचं बघू, कारण भुरळ तिचीच पडते. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद करत रस्त्याने ३१० किलोमीटरच्या आसपास, चहापाण्यासकट सहा तास. हवेतून सरळ अंतर साधारण १४५ नॉटिकल मैल. ११० नॉटने, म्हणजे ताशी ११० नॉटिकल मैलांनी, एक तास वीस मिनिटं झाली. पण हिवाळ्यात खालच्या थरात वारा बहुधा पूर्वेचा, म्हणजे जाताना तोंडावर. तो वीस नॉट निघाला तर दीड तास उलटतो. त्यात फ्लाइट प्लॅन, एफआयसी आणि एडीसी नंबर (उड्डाण माहिती केंद्राची आणि हवाई संरक्षणाची परवानगी), विमानाची तपासणी, तिकडचं पार्किंग धरा. चार तास सहज जातात. वाचले किती? दोन. तेही हवेने साथ दिली तर.

आणि हवेचा सगळा घोळ हैदराबादच्या बाजूला असतो. बंगालच्या उपसागरावरून ओल आली की तेलंगणात सकाळी खालचे ढग दाटतात, इकडे सोलापुरात मात्र लख्ख ऊन. घराच्या गच्चीवरून आभाळ बघून निघणारा इथेच गंडतो. व्हीएफआरला, म्हणजे बाहेर बघून उडण्याच्या नियमांखाली, निदान पाच किलोमीटर दृश्यमानता लागते, ढगांपासून अंतर राखावं लागतं आणि अंधार पडल्यावर उडता येत नाही. समजा बेगमपेटने ढगांचा तळ १५०० फूट सांगितला. ऐकायला बरं वाटतं. पण ते १५०० फूट तिथल्या जमिनीपासूनचे आणि वाटेतलं बिदरचं पठार बेगमपेटपेक्षा चारेकशे फूट उंच. ढग त्याच पातळीवर पसरलेले असले तर पठारावर हातात हजार-अकराशे फूटच उरतात. शिवाय बिदर हा हवाई दलाचा तळ, सूर्यकिरण पथकाचं घर. ढग चुकवायला मनाला येईल तसं उत्तरेकडे वळता येत नाही. दक्षिणेला कलबुर्गीचा विमानतळ आहे, सोलापूरपासून साठेक नॉटिकल मैलांवर. तिथे उतरायचं की नाही हा निर्णय कलबुर्गी मागे पडायच्या आत घ्या.

शोच्या दिवसांत आणखी एक भानगड: प्रात्यक्षिकांच्या वेळी धावपट्टी बंद असते. नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) वाचून वेळ साधली आणि नेमका तासभर धुक्याने खाल्ला, तर पुढच्या फटीची वाट बघत बसा. बाहेरच्या विमानांना जागा देतात का, हेही आधी विचारून घ्या.

रात्री विमान उघड्यावर राहतं, हे फारसं कुणी धरत नाही. २०२४ चा शो जानेवारीत होता, २०२२ चा मार्चअखेर. मार्च म्हणजे अवकाळीचे दिवस. २०१४ च्या गारपिटीने आपल्याकडच्या द्राक्षबागांचं काय केलं ते आठवतंय ना? पत्र्याच्या पंखांचीही गत फार वेगळी होत नाही. विमान बांधायला दोर आणि पिटो कव्हर (वेग मोजणाऱ्या नळीचं झाकण) न्याच. पाऊस झाला असेल तर सकाळी टाकीखालच्या प्रत्येक ड्रेनमधून पेट्रोल काढून उजेडात धरा. एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळसर दिसतं, पाणी तळाशी बिनरंगी थेंब होऊन बसतं. थेंब दिसला तर पुन्हा काढा, तो जाईपर्यंत. ही पाच मिनिटं घाईत वाचवायची नसतात.

गाडीबद्दल सांगण्यासारखं फार नाही, हाच तिचा गुण. पाऊस आला तर वायपर लावा. रेल्वे त्याहून बरी: हुसेनसागर एक्सप्रेस सोलापुरावरूनच जाते, आणि लिंगमपल्लीहून बेगमपेटला एमएमटीएस लोकल आहे. पैशात तर तुलनाच नको. सेसना तासाला पस्तीसेक लिटर पिते. ‘सोबत्यांकडून भाडं घेऊ’ हा विचार डोक्यातून काढा, पीपीएलवर पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत.

मग विमान कुणी न्यावं? मागेपुढे दोन दिवस मोकळे असलेल्याने, आणि उड्डाण हाच ज्याचा अर्धा सोहळा आहे त्याने. शिवाय ‘आज नाही’ असं सोबत्यांच्या तोंडावर म्हणता यायला हवं. एक मधला मार्गही आहे: आदल्या दुपारी, धुकं विरल्यावर कलबुर्गीपर्यंत उडा, विमान तिथे बांधा आणि पुढे रेल्वेने जा. मला हा सगळ्यात पटतो, जरी मित्र हसतात.

बंगळुरूच्या ‘एरो इंडिया’ या एअर शोसाठी मात्र डोकं चालवू नका. तो जिथे भरतो ते येलहंका हवाई दलाचा तळ आहे, अंतर दुप्पट, शेजारच्या जक्कूर विमानतळावरही त्या दिवसांत आकाशाचे निर्बंध असतात. उद्यान एक्सप्रेसचं तिकीट काढा, खिडकी मिळाली तर उत्तम.