टायमिंग लावताना: साधा दिवा की टायमिंग लाइट?

जुनी प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्या एका स्नेह्यांनी विचारले की, इग्निशन टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगी नेमक्या क्षणी पडावी यासाठी, साधा दिवा पुरेल की टायमिंग लाइट (ठिणगीगणिक चमकून चालत्या इंजिनावरची खूण दाखवणारा दिवा) घ्यावी. दोन्हींच्या आधी पॉइंटची, म्हणजे ठिणगी सिलिंडरांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधील उघडझाप करणाऱ्या संपर्कांची, गॅप (फट) नीट करावी, कारण गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगीही लवकर पडते.

खर्चात दिवा सरस आहे. 12 व्होल्टचा बल्ब पॉइंटचे टर्मिनल आणि बॉडी यांमध्ये जोडावा, इंजिन हाताने फिरवून त्यावरची टायमिंगची खूण जुळवावी, इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्युटर त्याच्या आत फिरणाऱ्या रोटरच्या उलट दिशेने हळूहळू फिरवावा आणि बल्ब पेटताक्षणी आवळावा.

अचूकतेत मात्र मला टायमिंग लाइटच पटते. वेग वाढवला की खूण सरकताना दिसते. ती सरकलीच नाही, तर डिस्ट्रिब्युटरमधील, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजने अडकलेली असतात, आणि हा दोष दिव्याला कधीच दिसत नाही. झिजलेल्या शाफ्टमुळे खूण थरथरते, तेही येथेच कळते. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची नळी असल्यास ती काढून तिचे तोंड बंद करावे आणि हात पंख्यापासून दूर ठेवावेत.

इंजिन सुरूच होत नसेल किंवा गाडी रस्त्यात अडली असेल, तर दिवाच उपयोगी. चढावर खडखडणाऱ्या, ओढ हरवलेल्या इंजिनाच्या निदानासाठी टायमिंग लाइट घ्यावी.