पॅकेज, ठरावीक अंतराने की दुखेल तेव्हा: कायरोप्रॅक्टरकडे किती वेळा जायचं?

आमच्या गावी कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचे. त्याने कंबरेला हलकीशी लाथ मारली की उसण जाते, अशी समजूत. आमच्या आळीत असा एक जण होता. सकाळी सकाळी कोणी वाकडं होऊन दारात उभं राहिलं की तो काही न विचारता चप्पल काढायचा. लाथ गुणकारी होती का, हा वेगळा विषय. पण 'आता पुढचे चार आठवडे सोमवार-बुधवार-शुक्रवार या' असं त्याने कधी कोणाला सांगितलं नाही.

हे मला आठवलं न्यू जर्सीत, एका कायरोप्रॅक्टरच्या, म्हणजे हाताने दाब-झटके देऊन मणक्यांवर उपचार करणाऱ्याच्या, टेबलासमोर. बर्फ उपसताना कंबर धरली होती, त्याला आठ दिवस झाले होते. तपासणी झाली, एक्स-रेवर लाल रेघा मारून झाल्या आणि हातात छापील कागद आला: पहिले चार आठवडे आठवड्यातून तीनदा, पुढचे आठ आठवडे दोनदा, मग आठ आठवडे एकदा. एकूण ३६ भेटी. पैसे आगाऊ भरले तर सूट, बायकोलाही आणलं तर आणखी सूट. बायकोची कंबर ठणठणीत होती. मी सही न करता घरी आलो आणि दोन दिवस आडवा पडून वाचत बसलो. (अशा कंबरदुखीत आडवं पडून राहू नये, हेही तेव्हाच वाचलं.)

विचार करणाऱ्यापुढे तीन रस्ते असतात. असं लांबलचक पॅकेज घ्यायचं, दुखो न दुखो ठरावीक अंतराने जात राहायचं, किंवा दुखेल तेव्हाच जायचं. यातला कुठला बरा, हे तुमचं दुखणं कोणत्या जातीचं आहे त्यावर ठरतं. ताजं, जुनं, की पुन्हा पुन्हा उलटणारं?

ताजी उसण असेल तर पहिली गोष्ट ही की ती बहुतेकदा चार-सहा आठवड्यांत आपोआप ओसरते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये डॉक्टरांना सांगितलं, की अशा कंबरदुखीत आधी गोळ्यांकडे धावू नका. शेक, मालिश, ॲक्युपंक्चर किंवा मणक्यांचं मॅनिप्युलेशन (हाताने दिलेला दाब वा झटका) यातलं काहीतरी करून बघा. म्हणजे कायरोप्रॅक्टरचं नाव यादीत आहे, पण गरम पाण्याच्या पिशवीच्या शेजारी. माझ्या मते इथे आठवड्याला एक-दोन भेटी, दोन-तीन आठवडे, एवढं पुरे. या दुखण्यात पॅकेजची गंमत अशी की बरं व्हायला लागणारा काळ पॅकेजच्या काळात आरामात मावतो. चौदाव्या भेटीला बरं वाटलं की श्रेय चौदाव्या भेटीला जातं. न जाता बरं वाटलं असतं का, हे तपासायला दुसरी कंबर आपल्याकडे नसते.

जुनं दुखणं, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं, याचा हिशेब वेगळा. 'नक्की किती भेटी' हाच प्रश्न घेऊन अमेरिकेत एक अभ्यास झाला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेले ४०० जण सहा आठवड्यांत १८ वेळा आले. काहींना त्यातल्या एकाही भेटीत मॅनिप्युलेशन मिळालं नाही, काहींना ६, काहींना १२, तर काहींना सगळ्या १८ भेटींत मिळालं. उरलेल्या भेटींत नुसती हलकी मालिश. सगळ्यात बरा निकाल १२ वाल्यांचा लागला. १८ वाल्यांना जास्तीच्या सहा भेटींचं काही विशेष मिळालं नाही. आणि मालिशवाल्यांपेक्षा १२ वाले पुढे होते ते तरी फार नव्हे, बेताचेच.

आता माझा कागद बघा. पहिल्या सहा आठवड्यांत १६ भेटी. इथवर तो अभ्यासाच्या आसपास आहे. पुढच्या २० भेटी कशासाठी, याचं उत्तर या अभ्यासात नाही. शिवाय ते सगळे जुने दुखणेकरी होते, माझी कंबर आठ दिवसांची.

तिसरी जात सगळ्यात ओळखीची: बरं होतं, दोन महिने छान जातात, मग एक दिवस बुटाची नाडी बांधताना पुन्हा चमक. अशांनी ठरावीक अंतराने जावं की चमक भरेल तेव्हा? यावर स्वीडनमधल्या संशोधकांनी ३२८ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवून पाहिलं. हा अभ्यास २०१८ चा. त्यात घेतलेले लोक निवडक होते. मागच्या वर्षात ३० हून जास्त दिवस कंबर दुखलेली, आणि कायरोप्रॅक्टरच्या सुरुवातीच्या भेटींतच चांगला गुण आलेला. एका गटाला एक ते तीन महिन्यांच्या अंतराने आधीच ठरवून बोलावलं. दुसऱ्याला सांगितलं, दुखेल तेव्हा फोन करा. 'या आठवड्यात किती दिवस त्रास झाला?' हे दर आठवड्याला मोबाइलवर मेसेज करून विचारलं.

ठरवून येणाऱ्यांना वर्षभरात त्रासाचे सुमारे १३ दिवस कमी आले. पण मला महत्त्वाचा वाटला तो भेटींचा आकडा. ठरवून येणाऱ्यांच्या वर्षभरात सरासरी ६.७ भेटी झाल्या, दुखेल तेव्हा येणाऱ्यांच्या ४.८. नियमित जाण्याच्या बाजूचा हा भक्कम पुरावा, आणि त्यातलं 'नियमित' म्हणजे वर्षाला सात भेटी. छत्तीस नव्हेत.

माझ्या विम्यात एका भेटीला ३० डॉलर को-पे, म्हणजे खिशातून भरायचा वाटा. दुखेल तेव्हाच्या पाच भेटी म्हणजे वर्षाला १५० डॉलर, ठरवून सात म्हणजे २१०, पॅकेजचे १,०८०. आमचा विमा वर्षाला २० भेटींनंतर हात वर करतो, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच. उलट ६० डॉलर जास्त देऊन वर्षातले तेरा दिवस सुटत असतील, तर मी म्हणेन सौदा वाईट नाही, पुन्हा पुन्हा दुखणाऱ्याने करावा. दोन गोष्टी मात्र मनात ठेवा. आपण कोणत्या गटात आहोत हे त्या लोकांना माहीत होतं, आणि नियमित भेटीला जाण्याने मनाला जो धीर येतो तो त्या १३ दिवसांत मिसळलेला असणारच. दुसरं, त्याच अभ्यासाची नंतर फोड केली तेव्हा दिसलं की दुखण्याने ज्यांचं रोजचं जगणं आणि मन दोन्ही पोखरलं होतं, त्यांना नियमित भेटींचा जास्त उपयोग झाला. जे दुखणं अंगावर काढून आपली कामं करत राहतात, त्यांना नाही. आपण कोणत्या गटातले, हे आपल्यापेक्षा घरच्यांना विचारावं.

काहीच दुखत नसताना, 'मणके जागेवर राहावेत' म्हणून दर महिन्याला जाणं हा प्रकारही इथे बराच चालतो. याची मुळं या विद्येच्या जन्मात आहेत. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये आयोवातल्या डॅव्हनपोर्टमध्ये हार्वी लिलार्ड नावाच्या माणसाच्या पाठीवर दाब दिला, आणि त्याचं गेलेलं ऐकू येणं परतलं असा दावा केला. मणका किंचित सरकला की नसा दबतात आणि त्यातून रोग होतात, ही कल्पना तिथून पुढे चालत आली. आजचे बरेच कायरोप्रॅक्टर स्वतःच ती सोडून कंबर, मान, डोकेदुखी एवढ्यावर थांबतात. न दुखणाऱ्याने जात राहण्याचं कारण मला सापडलं नाही. अमेरिकेची मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, तीही मणक्याच्या उपचाराचे पैसे देते ते सुधारणा होत असेल तोवर; आहे ती स्थिती टिकवायला जाल तर पैसे तुमचे. ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांना नेताना हे आधी विचारून घ्या.

आणि तो 'कट्' आवाज! पुण्याहून भाचा मला मान कटकन वाजवण्याचे व्हिडिओ पाठवत असतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०१५ मध्ये बोटांचे सांधे एमआरआयमध्ये ओढून वाजवले, तेव्हा दिसलं की आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नाही. तेव्हा 'आज वाजलं नाही, परवा पुन्हा या' याला फारसा अर्थ नाही.

फिजिओशी तुलना करायची तर थोडक्यात सांगतो. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये स्पष्ट म्हटलं, की हाताने केलेले असे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच द्या. फिजिओच्या भेटी कमी होत जातात, कारण काम हळूहळू तुमच्या अंगावर येतं. जो कायरोप्रॅक्टर घरी करायला व्यायाम देतो त्याच्याही भेटी अशाच कमी होत जातात. नुसतं पालथं झोपवून दहा मिनिटांत बाहेर काढतो, त्याच्याकडचं जाणं संपत नाही. दोघांत निवडायचं असेल तर पाटी न बघता एवढं बघावं. भारतात एक फरक जास्तीचा आहे. फिजिओथेरपी २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आहे आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी परिषदही आहे, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारता येतो. कायरोप्रॅक्टिकसाठी तिथे अशी परिषद नाही. पुण्या-मुंबईत कोणाकडे जाल तर शिक्षण कुठे झालं ते आधी विचारा, फी नंतर.

काही जणांच्या बाबतीत 'किती वेळा' हा प्रश्नच उद्भवत नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद जाऊ लागली तर थेट इमर्जन्सीत जा. कंबरदुखीबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागलं असेल, तर आधी डॉक्टर. हाडं ठिसूळ झालेल्या आईला झटका देणाऱ्या उपचाराच्या टेबलावर झोपवू नका. मानेचा झटका मी स्वतः घेत नाही. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. दुर्मीळ आहेत, पण माझी मान उशी बदलूनही बरी होते. एक-दोन दिवस अंग ठणकणं मात्र सगळ्यांनाच होऊ शकतं, त्याला घाबरायला नको.

मी शेवटी दुसऱ्या एका कायरोप्रॅक्टरबाईंकडे गेलो. दारातच विचारलं, 'किती भेटींत फरक पडला नाही तर तुम्ही थांबाल?' त्या म्हणाल्या, चार. तिसरीला मी मोजे उभ्याने घालू शकलो. पाचवीला त्यांनी फावडं कसं धरायचं ते जिम्नॅस्टिकच्या काठीवर करून दाखवलं, आणि पुढची तारीख दिली नाही. १५० डॉलर झाले. पॅकेजचे वाचले, त्यांत थोडी भर घालून स्नो-ब्लोअर आणला.