डेसोनाइड ०.०५ टक्के क्रीम: मुलांच्या इसबासाठी कितपत उपयोगी?

लहान मुलांच्या गालावर, मानेवर किंवा कोपराच्या आतल्या बाजूला इसब उठलं की त्वचारोगतज्ज्ञ बऱ्याचदा डेसोनाइड लिहून देतात. निवड योग्य आहे. हे सौम्य स्टेरॉइड आहे आणि नाजूक कातडीला झेपतं. गुडघ्यावर, घोट्यावर खाजवून कातडी जाड झाली असेल तर मात्र ते कमी पडतं. तिथे डॉक्टर मोमेटासोनसारखं जास्त ताकदीचं मलम देतात.

ट्यूबवरच्या ०.०५ या आकड्यावर जाऊ नका. क्लोबेटासोलवरही ०.०५ टक्केच छापलेलं असतं आणि ते सगळ्यात जहाल गटातलं. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का असूनही सगळ्यात सौम्य. मेडिकलवाला ‘हेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणाला तरी बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. क्लोबेटासोल, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं मिश्रण हातात आलं तर तिथेच परत करा.

मात्रेत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती मोठ्या माणसाच्याच बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. हे माप ५ मिलीमीटर तोंडाच्या ट्यूबचं आहे. तोंड बारीक असेल तर रेघेत औषध कमी येतं. वर्ष-दोन वर्षांच्या बाळाचा अख्खा पाय इसबाने भरला असेल तर दोन रेघा, म्हणजे एक ग्रॅम. दोन्ही पाय, रोज एकदा, सात दिवस धरले तर १४ ग्रॅम होतात. तेव्हा १५ ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपली तर तो अतिवापर नव्हे. घाबरून जेमतेम बोट फिरवत राहिलं की इसब आत धुमसत राहतं आणि औषध उलट जास्त दिवस लावावं लागतं.

लाल, खाजऱ्या जागेवरच लावा. मॉइश्चरायझर आणि क्रीम यांत वीसेक मिनिटं जाऊ द्या. पापण्यांवर स्वतःहून लावू नका. डायपरखाली तर नकोच: झाकलेल्या ओलसर कातडीतून स्टेरॉइड जास्त शोषलं जातं. इसब बरं झाल्यावर राहिलेले फिकट डाग क्रीमने जात नाहीत, तिथे लावणं थांबवा.

पिवळी खपली धरली, पू आला किंवा चट्टा गोल होऊन कडेने पसरू लागला तर क्रीम थांबवून डॉक्टरांना दाखवा. नायट्यावर स्टेरॉइड लावलं की खाज तात्पुरती थांबते, बुरशी मात्र वाढत जाते.