मालवणच्या ताटाची सोलापुरात विकलेली कुपने

मालवण, तारकर्ली, देवबाग आणि वेंगुर्ला येथील नावाजलेल्या खानावळींच्या जेवणाची आगाऊ कुपने सोलापुरात विकली जात आहेत, आणि ती कुपने त्या खानावळींत चालत नाहीत. आमच्या कुटुंबाने अशा कुपनांच्या पुस्तिका विकत घेतल्या होत्या. प्रत्येकाचे गेलेले पैसे थोडे असल्यामुळे बहुतेक लोक दोन दिवस चिडचिड करून विषय सोडून देतात, आणि विकणाऱ्याचा सारा हिशेब याच सोडून देण्यावर उभा असतो. म्हणून झालेला प्रकार तपशीलवार लिहीत आहे.

दिवाळीच्या सुमारास शहरात जी गृहोपयोगी वस्तूंची प्रदर्शने भरतात, त्यांपैकी एका प्रदर्शनात आम्हाला पुस्तिका विकणाऱ्या माणसाने गाळा घेतला होता. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे छायाचित्र आणि आत फाडून द्यायची दहा कुपने होती; प्रत्येक कुपनावर एका खानावळीचे नाव, पदार्थांची यादी आणि रबरी शिक्का होता. नावे खोटी नव्हती. मालवणला एकदा जरी जाऊन आलेला माणूस परतल्यावर मित्रांना जी नावे सांगतो, तीच नावे त्याने निवडली होती. सुरमईचे ताट 360 रुपये, म्हणजे एका पुस्तिकेचे 3,600 रुपये. आम्ही चौघांसाठी 14,400 रुपये यूपीआयने भरले. पैसे एका व्यक्तीच्या खात्यात गेले. पावतीवर संस्थेचे नाव होते, परंतु जीएसटी क्रमांक नव्हता आणि पत्ता म्हणून होटगी रस्त्यावरील एका व्यापारी संकुलाचा केवळ गाळा क्रमांक लिहिलेला होता.

त्याच्या बोलण्यात खोट काढता येण्यासारखे फारसे काही नव्हते, कारण तो जे सांगत होता त्यातील अर्धे खरे होते. दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळात मालवणच्या चांगल्या खानावळींपुढे रांगा लागतात, लहान मुले आणि वयस्क माणसे बरोबर असतील तर तासभर ताटकळणे जड जाते, आणि अडीच वाजून गेले की हवी ती मासळी संपलेली असते, हे सगळे खरेच आहे. कुपन असेल तर टेबल राखीव राहील आणि भाव वाढला तरी तुम्हाला वाढीव पैसे पडणार नाहीत, हे त्याने त्या खऱ्यावर चढवलेले खोटे होते.

येथे त्या खानावळींचा व्यवहार कसा चालतो हे सांगितले पाहिजे, कारण तो कळला की असली पुस्तिका कोणी हातात दिली तरी तिचे सोंग लगेच ओळखता येते. मालवणमधील पसंतीच्या जागांपैकी कित्येक अजूनही घरगुती स्वरूपाच्या आहेत: घराची पडवी किंवा पुढची खोली, मोजकी टेबले, आत रांधणाऱ्या घरच्याच बायका आणि दाराशी एक फळा. समुद्रात गेलेल्या होड्या काय घेऊन येतात, किनाऱ्यावर रापणीत, म्हणजे ओढून घ्यायच्या मोठ्या जाळ्यात, काय सापडते आणि लिलावात त्याला काय भाव फुटतो, यावर त्या फळ्यावरचा मजकूर ठरतो. वारा फिरला, समुद्र खवळला किंवा पर्यटक एकदम वाढले की सुरमई, जिला तिकडे इसवण म्हणतात, तिचा भाव एका रात्रीत बदलतो. बांगडा भरपूर आला की बांगड्याचे ताट स्वस्त मिळते आणि त्या दिवशी तेच सर्वांत ताजे असते. सुरमई, पापलेट आणि मोठी कोळंबी यांपुढे पुष्कळ ठिकाणी भाव लिहिलेलाच नसतो. 'आकारानुसार' एवढेच लिहिलेले असते. असे ताट महिनाभर आधी, चार जिल्हे ओलांडून, ठरावीक किमतीला विकणे कोणत्याही प्रामाणिक खानावळवाल्याला परवडणारे नाही.

आपल्याकडे उजनीची मासळी भिगवण-इंदापूरच्या वाटेवर बारमाही मिळते आणि चिलापीचा भाव फारसा हलत नाही, त्यामुळे मासळीचा दर म्हणजे किराणा दुकानातील दरासारखा स्थिर असतो अशी समजूत सोलापूरकरांत असणे स्वाभाविक आहे. विक्रेत्याला ही समजूत चांगली ठाऊक होती.

सांगोला, मिरज, कोल्हापूर, राधानगरी आणि फोंडा घाट असा प्रवास करून आम्ही मालवणला पोहोचलो आणि पहिल्याच दुपारी एका खानावळीत कुपने पुढे केली. मालकीणबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "आमी कोणाक कुपना देवक नाय ओ भाऊ. आज बाजारात जा गावला, ता फळ्यार लिवलला आसा." म्हणजे, आम्ही कोणाला कुपने देत नाही, आज बाजारात जे मिळाले ते फळ्यावर लिहिले आहे. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, कंटाळा होता, अशी कुपने घेऊन येणारे आम्ही पहिलेच नव्हतो, हे त्यावरून कळले. कुपनावरील शिक्का त्यांच्या खानावळीचा नव्हता आणि त्यांच्याकडे मुळात शिक्काच नव्हता. दुसऱ्या दोन ठिकाणी हेच उत्तर मिळाले.

दूरध्वनी केल्यावर विक्रेता मुळीच गडबडला नाही. सीझनमध्ये या खानावळी शब्द फिरवतात, असे म्हणून त्याने उलट त्यांच्यावरच ठपका ठेवला आणि गावाबाहेरील रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात जाण्यास सांगितले. माझ्या मते फसवणुकीचा खरा डाव येथून सुरू होतो. ज्या घरगुती खानावळींच्या नावावर पुस्तिका खपते त्यांचा या व्यवहाराशी संबंध नसतो, आणि भुकेलेले गिऱ्हाईक शेवटी ज्या हॉटेलात पाठवले जाते तेथे कुपने विनातक्रार स्वीकारली जातात.

त्या हॉटेलात वाढलेल्या ताटात सुरमई नव्हती. सुरमईचा तुकडा आडवा कापलेला असतो. त्याच्या मध्यभागी कण्याचे गोल हाड असते, कडेला रुपेरी-करडी कातडी असते आणि मांस घट्ट असून पापुद्र्यांनी सुटते. आमच्या पुढ्यात रव्याच्या जाड थराखाली लांबट, पांढरी, हाड आणि कातडी दोन्ही नसलेली फीत होती, जी बोटाने दाबताच पाणी सोडत होती. बासा नावाची गोड्या पाण्यातील गोठवलेली मासळी अशीच दिसते आणि घाऊक बाजारात ती सुरमईपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. गोड्या पाण्यातील मासे खाण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना तिची चव पहिल्या घासाला कळते. माझ्या मेहुण्यांनी तर ताट तसेच सरकवून दिले. बासा खाण्यात वावगे काही नाही. परंतु सुरमई म्हणून तो विकणे ही फसवणूक आहे, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तो विकणे हा निर्लज्जपणा आहे. सोलकढीसुद्धा नारळाच्या रसाची नव्हती. तयार पाकिटातील गुलाबी पाण्याला आमसुलाचा केवळ वास होता.

नंतर बिल आले. कुपनात फक्त 'मूळ ताट' समाविष्ट असून तळलेल्या तुकड्याचे पैसे आकारानुसार वेगळे, असा खुलासा करण्यात आला. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क आणि त्याखाली पाच टक्के जीएसटी लावलेला होता. या बिलाविषयी तीन गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे, जीएसटी आकारणाऱ्या हॉटेलच्या बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक छापलेला असणे आवश्यक आहे. ज्यांनी लहान व्यावसायिकांसाठीची एकरकमी कर योजना स्वीकारली आहे त्यांना ग्राहकाकडून हा कर वेगळा वसूल करता येत नाही. सेवाशुल्काबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या असून, त्यांनुसार हॉटेलला ते आपोआप बिलात धरता येत नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने त्या सूचना कायम ठेवल्या. आणि अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक बिलावर असणे 2022 च्या आरंभापासून बंधनकारक आहे. आमच्या बिलावर यांपैकी एकही क्रमांक नव्हता. सेवाशुल्क काढून टाका असे ठामपणे सांगितल्यावर व्यवस्थापकाने ते वाद न घालता काढले, यावरून ते कायद्याला धरून नाही हे त्याला पूर्ण ठाऊक होते असेच म्हणावे लागते. आम्ही त्या बिलाचे आणि ताटाचे छायाचित्र घेतले. पुढे तक्रारीत त्याचाच सर्वाधिक उपयोग झाला.

उरलेल्या मुक्कामात पुस्तिका पिशवीत ठेवून आम्ही रोख पैसे देऊन जेवलो, आणि उत्तम जेवलो, हे मुद्दाम नोंदवतो. कारण असा अनुभव आला की माणसे साऱ्या गावाला नावे ठेवतात. सकाळी फिरायला गेलो असता खानावळीत डोकावून आज काय येणार आहे हे विचारून ठेवायचे आणि साडेबाराच्या आत जाऊन बसायचे, एवढे केले तर रांगेचा त्रास बराच टळतो. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके, उकड्या तांदळाचा भात आणि ताजी सोलकढी असे ताट आम्हाला कुपनाच्या किमतीपेक्षा कमीत मिळाले. सुरमई किंवा पापलेट घ्यायचेच असेल तर कच्चा तुकडा दाखवण्यास सांगावे आणि त्याची किंमत तो तव्यावर जाण्यापूर्वी ठरवावी. कोणतीही चांगली खानावळ याला नकार देत नाही. जेथे नकार मिळेल तेथून उठावे. आणखी एक पाहण्यासारखे म्हणजे गाडीचा चालक कोठे जेवायला नेतो; काही मोठ्या हॉटेलांत चालकाला दलाली आणि फुकट जेवण मिळते, त्यामुळे 'तिथे आता काही शिल्लक नसेल' हे त्याचे वाक्य दर वेळी मासळीविषयीचेच असते असे नाही.

सोलापूरला परतल्यावर पैसे परत मागितले, तेव्हा विक्रेता तत्काळ तयार झाला. त्याने व्हॉट्सअॅपवर एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकला की रक्कम जमा होईल असे सांगितले. माझ्या पुतणीने तेथेच हात धरला. यूपीआयमध्ये पैसे मिळण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही लागत नाही. पिन टाकला की खात्यातून पैसे जातात, येत नाहीत. जेवणाचे पैसे बुडवल्यानंतर परताव्याच्या नावाखाली दुसऱ्यांदा लुबाडण्याची तयारी त्याने ठेवलेली होती. नकार कळवल्यानंतर त्याचा क्रमांक बंद झाला. होटगी रस्त्यावरील गाळा बंद होता, आणि तो कोणी भाड्याने घेतला होता हे शेजारच्या दुकानदारांना सांगता आले नाही.

यानंतर काय करता येते, याची माहिती मिळवण्यात आमचा बराच वेळ गेला. खात्यातून फसवून पैसे काढले गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर शक्य तितक्या लवकर कळवावे, कारण रक्कम पुढे वळवली जाण्याआधी ती गोठवण्याची शक्यता तेव्हाच असते. खोट्या सेवेबद्दल किंवा बेकायदा बिलाबद्दल 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 यामुळे एक मोठी सोय झाली आहे: फसवणूक मालवणात पूर्ण झाली असली तरी ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे आमच्या बाबतीत सोलापूरलाच, तक्रार दाखल करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील देणे सक्तीचे नाही आणि प्रकार घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पोलिसांकडेही आम्ही लेखी अर्ज दिला असून त्याची पोच घेतली आहे.

आमच्या तक्रारीवरून आयोगाने विक्रेत्याला पाठवलेली नोटीस पत्त्यावर कोणी नसल्यामुळे परत आली आहे. आता ज्या खात्यात यूपीआयने पैसे गेले त्या खातेदाराचा पत्ता बँकेकडून मागवण्याची विनंती आम्ही केली आहे.

दरम्यान जुळे सोलापुरातील एका कुटुंबाकडे याच पुस्तिका असल्याचे समजले. त्यांच्या पुस्तिकांवर जुलैची तारीख असून प्रत्येक कुपनावर 'आजची ताजी सुरमई' असे छापलेले आहे. राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना पावसाळी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै या काळात असते, आणि त्या दिवसांत मिळणारी सुरमई बहुधा बर्फातीलच असते. ज्यांच्याकडे अशी पुस्तिका असेल त्यांनी ती फाडून टाकू नये, पावती आणि यूपीआय व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा आणि पैसे कोणाच्या नावाच्या खात्यात गेले ते पाहून घ्यावे. एकाच माणसाकडून सारख्याच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना जिल्हा आयोगाच्या परवानगीने कलम 35 खाली एकत्र तक्रार करता येते. जुळे सोलापुरातील कुटुंब आणि आम्ही मिळून तो अर्ज तयार करीत आहोत.